'माझ्यावर पाय देऊ नका': बॉस्नियातल्या कोरीव शिळा नेमक्या कुणाच्या?

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बॉस्नियात विगान्य मिलोशेविच नावाचा एक म्हातारा वारला. देशाच्या दक्षिण भागात, हर्झेगोविनातल्या कोचेरिन गावाजवळ त्याला पुरलं आणि त्याच्या शिळेवर जणू तोच बोलतोय असा मजकूर कोरला. आधी पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव, मग आमेन, आणि मग थेट नोकरीचा हिशेब. बान स्तिपान, राजा त्व्र्त्को, राजा दाबिशा, राणी ग्रुबा, राजा ओस्तोया, अशा पाच धन्यांची चाकरी केली. त्यानंतर एक ताजी बातमी: ओस्तोया राजाचं हेर्त्सेगशी, म्हणजे एका बड्या सरदाराशी, आणि बॉस्नियाशी बिनसलं आणि तो हंगेरियनांकडे निघून गेला. मग लेख म्हणतो, त्याच सुमारास मला, विगान्यला, मरण आलं आणि मी कोचेरिनच्या खाली माझ्या वतनावर निजलो. विनवणी करतो, माझ्यावर पाय देऊ नका. तुम्ही आहात तसा मी होतो. मी आहे तसे तुम्ही व्हाल.

बान म्हणजे त्या काळचा बॉस्नियाचा शासक. राजा ही पदवी नंतर, १३७७ मध्ये त्व्र्त्कोने घेतली. यातला बान स्तिपान १३५३ मध्ये वारला आणि ओस्तोया हंगेरियनांकडे पळाला तो १४०४ मध्ये. म्हणजे या माणसाने पन्नासहून जास्त वर्षं चाकरी केली. धनी बदलत गेले, हा टिकून राहिला. एका शिळेवरच्या मोजक्या ओळींमधून अख्खी कारकीर्द आपल्यापर्यंत पोहोचते, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. मध्ययुगीन बॉस्नियाच्या बहुतेक शिळा मात्र इतकं बोलत नाहीत. त्या मुक्या आहेत, आणि त्या मुक्या असल्यामुळेच त्यांच्याविषयी एवढा वाद झाला.

या शिळांना स्थानिक भाषेत 'स्तेचाक' म्हणतात. उभं राहणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला, म्हणजे 'उभा असलेला'. हे नाव अभ्यासकांनी रूढ केलं. ज्यांनी शिळा उभारल्या ते लेखांमध्ये तिला नुसतं 'कामी' म्हणजे दगड म्हणतात, 'बिलेग' म्हणजे खूण म्हणतात, कधी चक्क 'घर' म्हणतात. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शिळा दिसू लागतात, चौदाव्या-पंधराव्या शतकात त्यांचा बहर येतो आणि सोळाव्या शतकात त्या संपतात. आज सुमारे ७०,००० शिळा शिल्लक आहेत, ३,३०० हून जास्त ठिकाणी. त्यातल्या बहुसंख्य बॉस्निया आणि हर्झेगोविनात, बाकीच्या क्रोएशिया, माँटेनेग्रो आणि सर्बियाच्या लगतच्या भागांत.

आकार ओळखायला सोपे आहेत. जमिनीवर आडवी ठेवलेली जाड फरशी हा सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत जुना प्रकार. त्यानंतर पेटीसारखा चौकोनी ठोकळा. त्यानंतर वरून दोन बाजूंना उतार असलेली, छपरासारखी शिळा. ही तर सरळ दगडी घरच वाटते, आणि काहींच्या बाजूंवर कमानींची ओळही कोरलेली असते, जणू ओसरीच. शिवाय उभे खांब आणि क्रुसाच्या आकाराच्या शिळा, या उशिराच्या. बहुतेक सगळ्या चुनखडीच्या. बहुसंख्य शिळांवर काहीच कोरलेलं नाही. नक्षी थोड्यांवर, आणि अक्षरं तर हजारोंमध्ये काही शेकड्यांवर. ही अक्षरं सिरिलिक लिपीच्या बॉस्नियातल्या वळणाची; त्या वळणाला पुढे बोसानचित्सा हे नाव पडलं.

रादिम्ल्या

एकच दफनभूमी डोळ्यांसमोर आणायची तर रादिम्ल्या आणावी. हर्झेगोविनात स्तोलत्स गावाच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, सपाट माळावर, १३३ शिळा दाटीवाटीने उभ्या आहेत. त्यातल्या ६३ कोरलेल्या आहेत, म्हणजे जवळपास निम्म्या; इतकं प्रमाण इतरत्र क्वचित सापडतं. ही मुख्यतः मिलोरादोविच-स्त्येपानोविच या घराण्याची जागा. त्यांनाच ह्राब्रेन असंही म्हणत, आणि ह्राब्रेन म्हणजे शूर.

इथल्या एका शिळेवर लिहिलंय: इथे सरदार स्त्येपानचा मुलगा, भला रादोया, आपल्या वतनावर, बात्नोगे इथे निजला आहे, ही खूण माझ्यावर माझा भाऊ सरदार पेतार याने उभी केली. 'वतन' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मूळ शब्द आहे 'बाश्तिना', बापाकडून आलेली जमीन. विगान्यच्या लेखात तोच भाव, रादोयाच्या लेखात तोच, आणि अशा कितीतरी लेखांत पुन्हापुन्हा तेच: मी माझ्याच जमिनीवर निजलो आहे. मेलेल्या माणसाने हे इतक्या आग्रहाने का सांगावं? कारण वाडवडिलांची कबर हा त्या जमिनीवरच्या हक्काचा पुरावा होता. शेताच्या किंवा कुरणाच्या कडेला, वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा उंचवट्यावर शिळा ठेवायची, म्हणजे ही जमीन कुणाची हे विचारायची सोय उरत नाही. शिळेकडे पाहताना आपण फक्त शोक पाहतो. त्यात सातबाराही होता.

या दफनभूमीच्या मधून आज डांबरी रस्ता जातो. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत तो काढला तेव्हा काही शिळा त्यात कायमच्या गेल्या.

धर्म कोणता?

आता मूळ गुंत्याकडे येतो. थडगं पाहिलं की ते कुठल्या धर्माच्या माणसाचं हे आपण क्षणात ओळखतो, किंवा ओळखता यावं अशी अपेक्षा धरतो. स्तेचाक ही अपेक्षा मोडतो.

मध्ययुगीन बॉस्निया दोन मोठ्या चर्चच्या सीमेवर होता: पश्चिमेला रोमचं कॅथलिक चर्च, पूर्वेला ऑर्थोडॉक्स. डोंगराळ मुलूख, वाटा अवघड, दोन्हीकडची पकड सैल. या पोकळीत बॉस्नियाचं स्वतःचं एक चर्च तयार झालं. त्याचे लोक स्वतःला फक्त 'क्र्स्त्यानी' म्हणजे ख्रिस्ती म्हणवत. त्यांच्या प्रमुखाला 'द्येद' म्हणजे आजोबा म्हणत, आणि त्याच्या खालच्या एका पदाला 'गोस्त' म्हणजे पाहुणा. रोमला हा प्रकार संशयास्पद वाटायचा. १२०३ मध्ये पोपच्या प्रतिनिधीसमोर बॉस्नियातल्या मठांच्या प्रमुखांना रोमच्या रीतीने वागण्याची शपथ घ्यावी लागली. तरीही हे स्वतंत्र चर्च पुढे अडीचशे वर्षं टिकलं.

आता दुसरा धागा. दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल नावाचा पंथ निघाला होता. त्यांच्या मते हे दृश्य जग सैतानाची निर्मिती; म्हणून क्रूस, देवळं, मूर्ती सगळं त्याज्य. बॉस्नियाच्या चर्चवर त्याचे विरोधक पाखंडाचा आरोप करत आले होते. एकोणिसाव्या शतकात, पाखंडी म्हणजे बोगोमिलच, असं समीकरण मांडलं गेलं. १८७५ मध्ये बॉस्नियातून पायी हिंडलेल्या आर्थर इव्हान्ससारख्या प्रवाशांच्या लिखाणातून बोगोमिलांची मोहक गोष्ट युरोपभर पसरली. (हाच इव्हान्स पुढे क्रीटमधल्या क्नोसोसच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झाला.) आणि मग या गूढ शिळा त्या गूढ पंथाच्या नावावर चढल्या.

ही गोष्ट इतकी रुजण्याला राजकारणही कारण होतं. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बॉस्नियाचा ताबा घेतला. १८८२ पासून तिथला कारभार पाहणाऱ्या बेन्यामिन कालायला सर्ब आणि क्रोएट राष्ट्रवादाची चिंता होती. बॉस्नियाचे लोक सर्बही नाहीत नि क्रोएटही नाहीत, त्यांची ओळख पहिल्यापासून वेगळी आहे, असं सांगणारी कोणतीही कथा त्याच्या धोरणाला सोयीची होती. बोगोमिलांची कथा त्यात नेमकी बसली. उलट बाजूने सर्ब आणि क्रोएट लेखक आपापल्या चर्चचा हक्क सांगत राहिले. दगड एकच, दावेदार तीन.

पण शिळा बारकाईने पाहिल्या तर बोगोमिलांची कथा टिकत नाही. क्रूस नाकारणाऱ्यांच्या थडग्यांवर क्रूस कसा? आणि तो वारंवार दिसतो. जग सैतानाचं मानणारा माणूस आपल्या अंगावर काही टनांचा दगड ठेवून त्यावर शिकार, नाच आणि भालाफेकीचे खेळ कोरून घेईल, हे मला तरी पटत नाही. शिवाय भूगोल पाहा. क्रोएशियातल्या कोनाव्ले भागात संत बार्बाराच्या कॅथलिक चर्चभोवती याच शिळा आहेत. रादिम्ल्याच्या ह्राब्रेन घराण्यातल्या मिलिसावने सोळाव्या शतकात झितोमिस्लिच हा ऑर्थोडॉक्स मठ बांधायला घेतला. आणि बॉस्नियाच्या चर्चच्या लोकांच्याही शिळा आहेतच. त्यांची बाजू खोडून काढायचं कारण नाही.

त्यातली एक तर सगळ्या शिळालेखांमध्ये मला सर्वांत हळुवार वाटते. झेनित्साजवळ पुहोवत्स इथे गोस्त मिश्ल्येनचं थडगं आहे. लेख म्हणतो: इथे निजले आहेत भले गोस्त मिश्ल्येन, ज्यांच्यासाठी अब्राहामने रीतीप्रमाणे आपला मोठा पाहुणचार मांडून ठेवला आहे. बायबलमध्ये अब्राहाम अनोळखी वाटसरूंना तंबूत बोलावून जेवू घालतो. आणि ज्याचं पदच 'पाहुणा' आहे तो मेल्यावर अब्राहामच्या दारी पाहुणा म्हणून जातो! पुढे मागे राहिलेल्यांची विनंती: प्रभू येशूसमोर उभे राहाल तेव्हा आम्हा सेवकांचीही आठवण काढा. यात पाखंड शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. निष्ठावान ख्रिस्ती माणसांचं प्रेम तेवढं दिसतं.

तिन्ही चर्चच्या पलीकडचाही एक पुरावा आहे. तुर्कांची सत्ता आल्यानंतरच्या पहिल्या काळात महमूद ब्रान्कोविच नावाच्या माणसाच्या नावाने त्याच जुन्या लिपीत, त्याच जुन्या शब्दांत लेख कोरला गेला: इथे महमूद ब्रान्कोविच आपल्या वतनावर निजला आहे. नाव मुसलमानी, आडनाव स्लाव्ह, वाक्य आजोबांच्या काळचं.

म्हणून आज बहुतेक अभ्यासक स्तेचाकला एका पंथाची नव्हे तर एका मुलखाची रीत मानतात. ती सुरू कुणी केली आणि पसरवली कुणी, यावर मात्र अजून चर्चा चालू आहे. १९६० च्या दशकात या नक्षीची पद्धतशीर नोंद करणाऱ्या कला-इतिहासकार मारियन वेन्झेल यांनी व्लाख लोकांकडे बोट दाखवलं. व्लाख म्हणजे डोंगरातले मेंढपाळ. त्यांच्याकडे घोडे होते, आणि दुब्रोव्निक बंदरातून आतल्या प्रदेशात मीठ नि कापड नेणारे आणि उलट माल आणणारे तांडे तेच चालवत. या धंद्यात त्यांच्या म्होरक्यांच्या हाती पैसा आला, आणि नव्याने श्रीमंत झालेल्या माणसाला आपलं नाव दगडात राहावं असं वाटणं साहजिक आहे. हर्झेगोविनापुरतं हे स्पष्टीकरण जोरकस वाटतं. सगळीकडे ते लागू करता येत नाही, कारण धर्मगुरू, जुने जमीनदार आणि थेट राजघराण्यापर्यंतची माणसंही अशा शिळांखाली आहेत. सारायेवोच्या राष्ट्रीय संग्रहालयात झ्गोश्चा गावाहून आणलेली एक प्रचंड शिळा आहे, किल्ला, स्वार आणि वेलबुट्टीने भरलेली. ती बान स्त्येपान कोत्रोमानिचची, म्हणजे विगान्यच्या पहिल्या धन्याची असावी, असं अनेकजण मानतात.

उंचावलेला हात

रादिम्ल्याची सर्वांत ओळखीची प्रतिमा म्हणजे उजवा हात वर केलेला पुरुष. पंजा शरीराच्या मानाने फार मोठा, बोटं पसरलेली. शेजारी बहुधा धनुष्यबाण. या हाताचे अर्थ किती लावले गेले आहेत याची यादी संपत नाही: नमस्कार, शपथ, प्रार्थना, सूर्याची उपासना, निरोप. कोरणाऱ्याने अर्थ लिहून ठेवला नाही, आणि मोठा पंजा ठळक दिसावा म्हणूनच मोठा केला असेल ही साधी शक्यताही विसरू नये.

इतर चित्रं जास्त जमिनीवरची आहेत. हरणामागे कुत्रा, त्यामागे घोडेस्वार. ढाल आणि तिच्यामागे तिरकी तलवार. चंद्रकोर, तारे, फुलाची चक्रं, द्राक्षाची वेल, दोरीसारखा पीळ. आणि 'कोलो', म्हणजे हातात हात गुंफून धरलेला फेर, कधी नुसत्या बायकांचा, कधी बायका-पुरुषांचा. दफनभूमीत नाच पाहून आपण दचकतो. पण त्या प्रदेशात मयताच्या प्रसंगी फेर धरण्याची चाल होती, त्यामुळे ही आनंदाची चित्रं आहेत की शोकाची हे फेर पाहून सांगता येत नाही. ज्याने वीरगळ पाहिले आहेत त्याला इथे एक फरक जाणवेल: वीरगळ खालून वर एक गोष्ट क्रमाने सांगतो, लढाई, मरण, स्वर्ग. स्तेचाकवर असा क्रम नसतो. चित्रं सुटी सुटी असतात.

ही कामं करणाऱ्यांना त्या काळी 'कोवाच' म्हणत. शब्दाचा अर्थ लोहार, पण इथे तो पाथरवटासाठी येतो. अक्षरं लिहून देणारा वेगळा, तो 'दियाक'. स्तोलत्सजवळच्याच बोल्युनी दफनभूमीत ग्रुबाच हा पाथरवट आणि सेमोराद हा लेखक या दोघांची नावं शिळांवर आहेत. युरोपात त्या काळच्या कितीतरी गाजलेल्या मूर्तींचे कर्ते निनावी राहिले. या आडगावच्या ग्रुबाचचं नाव मात्र राहिलं.

दगड जवळच्याच खाणीतून काढत. एका ओळीत भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या आणि ठोकळा सुटा करायचा. काही शिळांचं वजन २० टनांच्या पुढे जातं. त्या हलवायला हिवाळा सोयीचा असं मानलं जातं: गोठलेल्या जमिनीवरून, बर्फावरून लाकडी घसरगाडी बैलांकडून ओढून घ्यायची. मृताला शिळेच्या खाली, जमिनीत खड्ड्यात पुरत, बहुधा डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला, म्हणजे ख्रिस्ती रीतीने. शिळा पोकळ नसते. ती शवपेटी नव्हे, वर ठेवलेलं ओझं आणि खूण.

रीत संपली, शिळा उरल्या

१४६३ मध्ये तुर्कांनी बॉस्नियाचं राज्य घेतलं, वीसेक वर्षांत हर्झेगोविनाही गेला. बॉस्नियाचं चर्च त्याआधीच मोडलं होतं. शेवटून दुसरा राजा स्त्येपान तोमाश यानेच रोमच्या दबावाखाली त्याच्या लोकांना धर्मांतर करायला लावलं होतं. वतनदारांची घराणी उखडली. काही मुसलमान झाले. त्यांच्या पहिल्या पिढ्यांच्या उभ्या दगडांवर, ज्यांना 'निशान' म्हणतात, तलवार, धनुष्य, चंद्रकोर हीच जुनी चिन्हं उतरली. बाकीचे आपापल्या चर्चच्या क्रुसाखाली गेले. धर्मानुसार थडगी वेगळी दिसायला लागली आणि सगळ्यांचा मिळून असलेला दगड कुणाचाच उरला नाही.

मग विसर पडला. गावकरी त्यांना कधी 'ग्रीकांचं दफनस्थान' म्हणू लागले, कधी 'राक्षसांचं'. एवढा दगड माणसाने उचलला असेल यावर विश्वास बसेना. काही ठिकाणी 'वऱ्हाडाचं दफनस्थान' हे नाव आहे, आणि त्यामागे एकच कथा जागोजागी सांगतात: अरुंद वाटेवर दोन वऱ्हाडं समोरासमोर आली, कुणी वाट सोडेना, तलवारी निघाल्या, दोन्ही वऱ्हाडं तिथेच पुरली. शिळा खरवडून तिची भुकटी औषध म्हणून घेण्याचीही चाल होती. आणि जिथे भीती नव्हती तिथे शिळा सरळ घरांच्या पायांत, कुंपणांत, पुलांत गेल्या. विसाव्या शतकात बिलेचाजवळ त्रेबिश्नित्सा नदीवर धरण झालं तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या शिळा हलवाव्या लागल्या. बाकीच्यांना आता दगडफूल, शेवाळ आणि थंडीत भेगांत गोठणारं पाणी खातंय. चुनखडी मऊ, उठाव दर पिढीला थोडा पुसट होतो. म्हणून शिळा पाहायच्या त्या सकाळी किंवा संध्याकाळी. तिरप्या उन्हात हरणं आणि फेर वर येतात, भर दुपारी तोच दगड कोरा दिसतो.

२०१६ मध्ये युनेस्कोने या दफनभूमींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. एकूण २८ जागा: २० बॉस्निया आणि हर्झेगोविनात, तीन माँटेनेग्रोत, तीन सर्बियात, दोन क्रोएशियात. अर्ज चारही देशांनी मिळून केला होता. १९९२ ते १९९५ या वर्षांत याच भूमीवर युद्ध झालं होतं, कोण कुठल्या धर्माचा आणि म्हणून जमीन कुणाची, या प्रश्नावरून. अर्जात मात्र या शिळा कुणा एकाच्या म्हटलेल्या नाहीत. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांनी त्या वापरल्या असंच त्यात मांडलं आहे.

ल्युबिन्येजवळच्या प्रेमिलोवो पोल्येवर स्तिप्को रादोसालिचची शिळा आहे. तिच्यावर वतनाचा उल्लेख नाही, धन्याचाही नाही, पंथाचाही नाही. नाव आहे आणि एक वाक्य: देवा, मी केव्हाचा निजलोय, आणि अजून कितीतरी निजायचं आहे.